मुलींचं मैदान मागच्या बाजूला

आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल टीममधल्या तिघी-चौघी अजून भेटतो. कुणाच्या नातवाचं बारसं असतं, कुणाच्या मुलीचं केळवण असतं. निमित्त काहीही असो, चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते खडीचं आठवतं का गं?" मग एकातून एक निघत जातं. शेजारी बसलेल्या सुना पोट धरून हसतात. "काय मज्जा केलीत हो तुम्ही," म्हणतात. मीही हसते. पण घरी आल्यावर माझ्या हातून भांडी जरा जोरात आपटली जातात. माझ्या नवऱ्याला आता कळतं. तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतो, "आज टीम भेटली वाटतं."

तर आज मजा बाजूला ठेवून सांगते.

संगमनेरला आमच्या संस्थेच्या दोन शाळा एकाच आवारात होत्या. रस्त्याला लागून मुलांची, तिच्यामागे मुलींची. हेडसर दोन्हींना एकच. मी नववीत असताना जाधवबाई पी.टी. शिकवायला आल्या. सडपातळ, सावळ्या, पदर खोचून आमच्याबरोबर धावणाऱ्या. पुण्याच्या कुठल्याशा शिबिरात त्या सॉफ्टबॉल शिकून आल्या होत्या. आम्ही हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. बाईंनी जमिनीवर काठीने चौकोन काढला. चार कोपऱ्यांवर चार बेस. बॉल मारायचा, एकेक बेस गाठत पळायचं आणि शेवटी जिथून निघालो तिथे परत यायचं, त्याला 'होम' म्हणायचं.

कुसुम म्हणाली, "परत घरीच यायचं तर पळायचं कशाला, बाई?"

कुसुम प्रवरेकाठच्या एका खेड्यातून रोज चालत यायची. शेतात गोफण फिरवून पाखरं हाकलणारा तिचा हात. बाईंनी पहिल्याच दिवशी तिला पिचर केलं, म्हणजे बॉल टाकणारी. तिचा बॉल झेलायला कुणी तयार होईना, म्हणून मी कॅचर झाले.

*

बॅट सुताराने करून दिली. ती इतकी जड होती की मुसळच. पण बेस कशाचे करायचे?

आमच्या टीममध्ये हमिदा होती. तिचे वडील पिंजारी, बाजारात त्यांचं गाद्यांचं दुकान. त्यांनी उरलेल्या कापसाच्या छोट्या चौकोनी गाद्या शिवून दिल्या, वर जाड पांढरं कापड. इतकं देखणं आमच्या मैदानावर दुसरं काही नव्हतं. खेळ झाला की हमिदा त्या झटकून, पुसून कपाटात ठेवायची.

एका शनिवारी कपाट उघडलं तर गाद्या गायब. शोधत शोधत आम्ही पुढच्या मैदानावर गेलो. तिथे मुलांच्या क्रिकेट टीमचा सत्कार चालला होता. मांडव, हार, लाऊडस्पीकर. पाहुण्यांच्या लोखंडी खुर्च्या उन्हाने तापल्या होत्या, म्हणून कुणीतरी आमचे बेस उचलून नेऊन खुर्च्यांवर अंथरले होते.

आम्ही बाईंना बोलावलं. बाईंनी लांबूनच पाहिलं. मधल्या खुर्चीत संस्थेचे चेअरमनसाहेब ऐसपैस बसले होते.

"सेकंड बेसवर आहेत," बाई म्हणाल्या. "आता त्यांना आउट कोण करणार?"

गाद्या सोमवारी परत आल्या. एकीवर पानाची पिंक होती. हमिदाच्या वडिलांनी ती धुऊन दिली, पण डाग काही गेला नाही.

*

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सगळीकडे दुष्काळी कामं निघाली. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं आणि त्याची फोडलेली खडी टाकायला जागा हवी होती. हेडसरांनी आमचं मैदान दाखवलं. सकाळी येऊन पाहतो तर पिचरच्या जागेपासून थर्ड बेसपर्यंत खडीचे ढीग.

बाई तावातावाने ऑफिसात गेल्या. आम्ही दाराबाहेर. सर शांतपणे म्हणाले, "अहो, मुलींचं मैदान तसंही रिकामंच असतं."

"रिकामं नसतं, सर. तिथे मुली असतात."

सरांनी पुढची फाइल ओढली.

शेवटी आम्हीच घमेली आणून ढीग कडेला सारले. पण बारीक खडी मातीत बसली ती बसलीच. बॉल सरळ येता येता दगडाला लागायचा आणि थेट तोंडावर उडायचा. हमिदा सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभी राहायची, सरपटत येणारे बॉल अडवायला. तिची हनुवटी त्यातच फुटली. मग ती शिकली. बॉल कुठल्या दगडाला लागून कुठे उडेल, हे तिला आधीच समजायला लागलं.

कुसुम मात्र एकदा होम गाठताना घसरली आणि गुडघा हाडापर्यंत फाटला. दवाखान्यात टाके पडले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसरांनी नियम जाहीर केला, की मुलींनी खेळताना घसरू नये. खडी उचला, असा नियम काही त्यांना सुचला नाही.

टाके पडले त्याच दिवशी कुसुमची आई तिला न्यायला आली होती. ती त्याच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. लेकीला काय लागलं, कुठे लागलं, हे बघायला ती मैदानात आली. खाली बसली, एक दगड उचलला, हातात फिरवून पाहिला.

"ही खडी मीच फोडल्याली असंल, बाई," ती म्हणाली आणि दगड परत खाली ठेवला.

या किस्स्याला सुना हसत नाहीत.

*

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेच्या विहिरीने तळ गाठला. मुलींच्या शाळेतला पाण्याचा माठ बंद झाला, घरून पाणी आणा म्हणून सांगितलं. आणायचं कुठून? कुसुमच्या गावात टँकरची वाट बघत बायका दिवस दिवस बसायच्या.

आणि पुढच्या मैदानावर मुलांची क्रिकेटची मॅच ठरली होती, म्हणून पीच भिजवायचं होतं. नामदेव शिपाई विहिरीतलं उरलंसुरलं पाणी रबरी नळीने मातीवर सोडत होता. आम्ही पी.टी. करून, घसा कोरडा पडलेल्या, तिथून चाललो होतो. कुसुम थांबली. लंगडतच पीचच्या मधोमध गेली आणि ओंजळ पुढे केली.

"मामा, मला बी घाला."

"आगं, हे पीचचं पानी हाय."

"मग पीचवरच हुबी हाय की मी."

नामदेवमामाने इकडे तिकडे पाहिलं आणि नळी तिच्या ओंजळीवर धरली. मग काय, आम्ही सगळ्याच रांगेत. पोटभर प्यायलो, तोंडं धुतली. ओल्या मातीत आमच्या पायांचे ठसे मात्र उमटले. मुलांच्या कॅप्टनने तक्रार केली, सरांनी ठसे बघितले आणि आम्हांला शिक्षा झाली.

शिक्षा काय, तर दुपारभर उन्हात उभं राहायचं. पाणी प्यायलो म्हणून.

*

पुढच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या स्पर्धेला नगरला गेलो. पहाटेच्या एसटीने निघालो ते पाण्याचा घोट न घेता. तहान नव्हती असं नाही. बाहेरगावी मुलींची सोय नसते हे आम्हांला पाठ झालं होतं. मुलांचे सामने मोठ्या मैदानावर, आमचा मागच्या उतारावर आणि तोही भर दुपारी. उतारावर दगड होतेच.

तरी दुपारपर्यंत काहीजणींना राहवेना. एकुलत्या एका संडासाला कुलूप, कारण तो पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. किल्लीचं विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. स्टेजवर प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू होतं. उद्याच्या मातांनी आज आपलं आरोग्य कसं सांभाळलं पाहिजे, याबद्दल.

बाई स्टेजच्या पायऱ्या चढल्या. संयोजकांच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. त्यांनी नंतर, नंतर असा हात केला. तेव्हा बाई सरळ माइकपाशी गेल्या. पाहुणे दचकून बाजूला झाले.

"मुलींना संडासला जायचंय," बाई म्हणाल्या. साऱ्या मैदानभर आवाज घुमला. "किल्ली कुणाकडे आहे?"

संयोजकांच्याच खिशातून निघाली.

आम्ही लाजेने मेलो होतो. बाई दारापाशी पहारा देत उभ्या राहिल्या आणि आम्ही एकेक करून जाऊन आलो. आणि मग जिंकलो. समोर भिंगारच्या मुली होत्या, त्यांचा सराव सपाट, झाडलेल्या मैदानावर झालेला. त्या उतारावर दगडाला लागून बॉल उडाला की त्या बिचाऱ्या डोकं झाकायच्या. हमिदा मात्र बॉलच्या आधी तिथे पोचलेली असायची.

सोमवारी प्रार्थनेला हेडसरांनी आमचं कौतुक केलं. खडतर मैदानावर सराव केल्यानेच या मुली अशा तयार झाल्या, असं म्हणाले. म्हणजे आता खडी उचलायचं काही कारणच उरलं नाही.

*

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा टीम नव्हती. जाधवबाईंची बदली संस्थेच्या नेवाशाच्या शाळेत झाली होती, तिथे त्या शिवण शिकवणार होत्या. कुसुमचं लग्न ठरलं होतं. मी आणि हमिदा अकरावीत गेलो, तेव्हा अकरावीलाच मॅट्रिक असे. बॅट कुठे गेली, कुणास ठाऊक. बदली का झाली, हे आम्हांला कुणी सांगितलं नाही.

पण त्याआधीच्या फेब्रुवारीतलं सांगायचं राहिलं.

मुलींच्या मैदानासाठी संस्थेला सरकारी अनुदान मिळालं होतं आणि ते मैदान बघायला तपासणी अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी पुढच्या मैदानावर एक नवी पाटी लागली, 'मुलींचे क्रीडांगण'. मुलांना त्या दिवशी सुट्टी दिली. आम्हांला इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं आणि बाईंना बजावलं, की साहेब असेपर्यंत खेळ चालू ठेवा, साहेब गेले की मुलींना मागे घेऊन जा.

आम्ही त्या मैदानावर पहिल्यांदाच खेळायला उतरलो. पायाखाली काही टोचत नव्हतं. कुसुमने चप्पल काढून बघितली. खेळ सुरू झाला आणि पहिलाच बॉल सरपटत हमिदाकडे गेला. हमिदाने सवयीने छातीपाशी हात नेले, अंग एका बाजूला झुकवलं. बॉल सरळ आला आणि तिच्या पायांमधून निघून गेला. दुसराही तसाच. जिल्ह्यात जिच्या हातून बॉल सुटला नव्हता ती हमिदा.

"बाई, हा उडतच नाही," ती म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं.

बाई तिच्याजवळ गेल्या. "तो असाच येतो गं," त्या हळूच म्हणाल्या. "सगळीकडे असाच येतो."

साहेबांनी पाहिलं, मान डोलावली, चहा घेतला आणि जीपमधून गेले. जीप फाटकाबाहेर पडली तशी हेडसरांनी व्हरांड्यातून बाईंना हात केला. बस, आटपा. नामदेवमामा पाटी काढायला शिडी घेऊन निघाला. आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबून बाईंकडे बघत होतो. बाईंच्या ओठांत शिट्टी होती. सरांनी पुन्हा हात केला, या वेळी जरा जोरात.

बाईंनी शिट्टी ओठांतून काढली, पदराने पुसली आणि पर्समध्ये टाकली.

"चला," बाई म्हणाल्या. "कुसुम, तुझी बॅटिंग."