उन्हात ठेवलेले सेल

रिमोटचे सेल उतरले की मी अजूनही ते खिडकीत उन्हाला ठेवते. नातू हसतो.

देवळाली प्रवराजवळच्या आमच्या वस्तीवर तेव्हा वीज नव्हती. मी सातवीत होते आणि पोरीची शाळा आता बास, असं आत्याचं म्हणणं होतं. एका दुपारी मी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, बॅटरीतले दोन सेल काढले. एका टोकाची तार विळ्याला धार लावायच्या कानशीला गुंडाळली, दुसऱ्या टोकाची कानशीवरून ओढली. चटचट ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास आला.

"अगं बया, घर पेटवती का काय!" आत्या ओरडली.

दादा दारातच होते. वाटलं, आता माझी शाळा कायमची सुटली. पण कधी शाळेत न गेलेले माझे वडील शेजारी उकिडवे बसले.

"पुन्हा कर बरं. कुठं शिकली?"

"शाळंत."

सेल संपेपर्यंत ते बघत राहिले. मग आत्याला म्हणाले, "आक्का, पोरगी शाळंत जाईल."

त्या रात्री उसाला पाटाचं पाणी द्यायला ते बॅटरीशिवाय गेले. उसात साप असायचे. मी मात्र आनंदात गाढ झोपले. पदवी हाती आली, तेव्हा कुठं मला तो अंधार दिसला.

त्या रात्रीनंतर सकाळी रानातून येऊन त्यांनी सेल उन्हात मांडले होते.

"तापू दे जरा. दुपारी परत दाव."