पिशवीमामा वरच्या मजल्यावर जातात

आमच्या जुन्या नगरभवनात शिरलं की डाव्या हाताला सामान ठेवायचा काउंटर आहे. तिथे अठ्ठावीस वर्षं एकच माणूस बसला. सगळे त्यांना पिशवीमामा म्हणतात. पिशवी घ्यायची, पितळी बिल्ला द्यायचा आणि वर काय बघायचं ते न विचारता सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. घुमटाच्या रंगीत काचा दुपारी बघा, सज्जातून चौक बघा, वय झालं असेल तर मागच्या जिन्याने जा, तो सोपा आहे.

मी समोरच्याच लेखा विभागात बसतो. त्यांच्या निवृत्तीला पाच दिवस उरले असताना चहा पिता पिता त्यांनी हळूच सांगितलं, की आपण वर कधी गेलोच नाही. काउंटर सोडायचा नाही हा नियम. सुट्टी सोमवारी, तर त्या दिवशी इमारतही बंद. खाली उतरलेले लोक जे बोलत, त्यावरच सगळी माहिती जमवलेली. जाण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं फार वाटत होतं, पण साहेबांना विचारायची लाज वाटत होती.

"म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना गंडवलंत की, मामा," असं म्हणून मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. "जा आता. पिशव्या पळून जाणार नाहीत."

वीस मिनिटांनी ते आले ते गुडघे चोळतच. काचांचं विचारलं, तर नुसतं "छान आहेत" म्हणाले. ते स्वतःच्याच सल्ल्याप्रमाणे मागच्या जिन्याने चढले होते. हातभर उंच पायऱ्या, धरायला कठडा नाही. बहुतेक लोक समोरून चढतात आणि मागून उतरतात. जिना सोपा म्हणणारे सगळे उतरून आलेले होते.

"किती म्हाताऱ्या माणसांना मी तिकडून चढवलं असेल हो?"

"कुणी तक्रार तर केली नाही."

"कशी करतील? मी इतक्या प्रेमाने सांगत होतो."

उरलेले चार दिवस कुणी वयस्कर आलं की मामा उठायचे आणि त्यांना हाताला धरून समोरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत सोडून यायचे. नियम मोडला, हे खरं. तेवढा वेळ त्यांच्या खुर्चीत मी बसायचो, आणि माझं राहिलेलं काम संध्याकाळी थांबून पुरं करायचो.