मळू नयेत म्हणून

दवाखान्याच्या धुलाईघरात तिला सगळे भिंगरी म्हणत. ओल्या चादरींची ढकलगाडी घेऊन ती निघाली की समोरचे आपोआप भिंतीला चिकटायचे.

"हळू गं बाई," इस्त्रीवाली मावशी रोलरजवळून ओरडायची, "तुझ्या धाकानं पेशंट बरे व्हायचे आणि आपल्याला काम उरायचं नाही!"

भिंगरीकडे पळायच्या बुटांचे दोन जोड होते. एक सरावाचा. जाड तळाचा, रंग उडालेला, टाचेशी एका बाजूने झिजलेला. पहाटे कामाआधी ती तो घालून मैदानावर पळे. दुसरा शर्यतीचा. पातळ, नारिंगी आणि इतका हलका, की खोका उचलला तर रिकामाच वाटावा. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने आणून दिलेला. नवरा पार्सलची गाडी चालवायचा, बोलायचा कमी. तेव्हा एवढंच म्हणाला होता, "निवडीच्या दिवशी घाल."

निवड म्हणजे वीज खात्याच्या संघाची. दरवर्षी पहिल्या दोघींना घेत. संघात घेतलं की खात्यात कायमची नोकरी. टेबलाशी बसून. वाफ नाही, रक्ताचे डाग नाहीत. पण त्या वर्षी मुलगी पोटात होती. नंतर सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. मग काही वर्षं निवडच झाली नाही. बूट खोक्यातच राहिले.

खोका घरी ठेवायची सोय नव्हती. भिंतींना ओल होती, कपाटातल्या चपलांनाही बुरशी यायची. तोडगा मावशीनेच काढला.

"वाळवणीच्या खोलीत ठेव, वरच्या फळीवर. मागून वाफेचा पाइप जातो. एवढी कोरडी जागा अख्ख्या दवाखान्यात मिळायची नाही."

भिंगरीला ते पटलं. पटणारच. धुलाईघरात सगळी भीती ओलीची. ओलं राहिलं की वास मारतं, डाग धरतं, वॉर्डातून गठ्ठा परत येतो. कोरडं, गरम ते चांगलं. अधूनमधून ती स्टुलावर चढून झाकण उघडी, बूट बघे, झाकण लावी. पायात मात्र कधी घातले नाहीत.

यंदा निवड लागली. वयाच्या अटीत ती बसत होती ते यंदा शेवटचंच. हे नवऱ्याला ठाऊक होतं. धुलाईघरात तिने निवडीचं फक्त मावशीला सांगितलं, शेवटचं वर्ष आहे ते तिलाही नाही. आदल्या दिवशी बूट पिशवीत घातले, खोका फळीवरच ठेवला.

मैदानावर सर आले होते. शाळेत तिला पळायला त्यांनीच शिकवलं होतं. आता गुडघ्यांनी दगा दिलेला, काठी हातात. त्यांनी नारिंगी बूट पाहिले.

"यात सराव केलास?"

"नाही सर."

"एखादी फेरी तरी?"

"मळले असते ना."

सरांनी मान हलवली. "जुनेच घाल. जड आहेत, पण पायाच्या ओळखीचे आहेत."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. जुन्या बुटांची पिशवी त्याच्या काखेत होती.

"मी काय सांगू?" तो म्हणाला. "पाय तुझे."

जड बुटांत ती शेवटच्या फेरीला नेहमी कमी पडे, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने नारिंगी नाड्या आवळल्या.

सुरुवातीला ती पळत नव्हतीच, नुसती सुटली होती. पायात काही आहे असं वाटेना. सरांनी काठी वर केली. दोरीपलीकडे नवरा पहिल्यांदाच ओरडताना दिसला. ती सगळ्यांच्या पुढे होती.

मग मागून फटफट असा आवाज येऊ लागला. कुणीतरी जवळ आलं असं वाटून तिने मान वळवली. मागे बरंच अंतर मोकळं होतं. आवाज तिच्याच डाव्या पायाचा होता. तळ बोटांकडून उकलला होता. वळणावर तो दुमडला आणि ती गुडघ्यांवर आपटली.

"हे घाल! अगं, हे घाल!" नवरा दोरीखालून जुने बूट पुढे करत होता.

ती तिथेच मातीत बसली. नाडी बांधेपर्यंत एकेक करून सगळ्या जणी बाजूने निघून गेल्या. मग ती उठली आणि पळाली. ती पोचली तेव्हा पंच टेबल आवरत होते.

सरांनी दुसरा बूट हातात घेतला. कडेला बोट घातलं, तर तळ सालीसारखा सुटून आला.

"गोंद मेलाय याचा. उन्हात, आगीजवळ ठेवलेस का कुठे?"

"नाही सर," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात बूट त्यानेच टाकले.

दुसऱ्या दिवशी मावशी दारातच वाट बघत होती.

"काय गं भिंगरी? पेढे कुठायत?"

"पडले मावशी. पाय मुरगळला."

"अगंबाई! आणि बूट?"

"बुटांना काय होतंय."

"मग झालं तर. पाय काय, बरा होईल. पुढच्या वर्षी बघ कशी मारतेस बाजी." मावशीने रोलर चालू केला. "ठेवलेस ना परत जागेवर? नाहीतर घरी नेशील आणि बुरशी लावून घेशील."

भिंगरी वाळवणीच्या खोलीत गेली. स्टुलावर चढली. फळीला नेहमीसारखीच ऊब होती. खोक्याचं झाकण जरा तिरकं बसलं होतं. ते तिने सरळ केलं.

"ठेवलेत, मावशी," तिने आतूनच आवाज दिला, आणि खाली उतरून ओल्या चादरींची गाडी ढकलू लागली. समोरचा एक जण सवयीने भिंतीला चिकटला. गाडी पोचेपर्यंत तो तसाच उभा होता.