हिरवळीवर काढलेल्या चपला

पाहुण्याला चारचौघांत चूक दाखवून आपण नेमकी कोणाची इज्जत राखतो?

आज गोंदियात कापलेल्या गवताचा वास आला आणि मी बेचैन झालो. मी कॉलेजात असताना बाबांचे शाळासोबती बिसेनकाका यांनी आम्हा दोघांना तिरोड्याजवळच्या गोल्फ मैदानावर बोलावलं होतं. भोकाभोवतीची मऊ, बारीक हिरवळ दिसताच शेतकरी बाबांनी चपला काढल्या. काकांचे साहेब मित्र फिसकन हसले. समतेची पत्रकं वाटणारा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "बाबा, चप्पल घाला! लोक हासून राहिले!"

"खळ्यावर कोनी चप्पल घालून जाते का बे?" बाबा म्हणाले, पण त्यांचा हात चपलेकडे गेलाच.

काका खाली बसले आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. "राहू दे, गड्या. एवढं जपलेलं गवत, तुहंच बरोबर आहे." मग दोघं अनवाणी खेळले. बाबांचा चेंडू भोक ओलांडून पार झुडपात गेला, तेव्हा काका पोट धरून हसले आणि बाबाही.

त्या दिवशी मला बाबांची लाज वाटली. आज माझी वाटते, आणि माफी अजून मागितलेली नाही.

तुमचा पाहुणा चुकला, तर त्याला सुधारू नका. आधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.