कमळकाकूची भवानी

आमच्या काल्हेरला रविवारी सकाळी गोडाऊनच्या गेटसमोर बाजार बसतो. तिथं कमळकाकू आलीय हे कळायला मान वळवावी लागत नाही, आधी आवाज येतो. "काय गो चंद्रे, मुळं आनलीस का उंदराच्या शेपट्या?" मग दोन ट्रकांच्या फटीतून काकू दिसते: हिरवी साडी, वर तिच्या मुलाचं, सार्थकदादाचं, जुनं जॅकेट, काखेत पिशवी. ट्रकवाला हॉर्न देतो. काकू त्याच्याकडे असं बघते की तो हॉर्न देऊन स्वतःच लाजतो.

या बाजारात तिच्या हाताला मान आहे. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भवानी ज्याच्या हातची तसा माल खपतो, असं इथं सगळ्या विक्रेत्या मानतात. काकूनं भवानी केली की टोपली रिकामीच घरी जाते. म्हणून वळ गावची चंद्रा दर रविवारी मुळ्याची जुडी पुढे धरून रडवेला सूर लावते, "कमळताय, घेऊ नको गो, नुसता हात लाव!" चंद्राचा हा सूर हुबेहूब काढायचा तर नाक चिमटीत धरावं लागतं.

पण काकूची भवानी वर्षानुवर्षं ठरलेली होती, भागीकडची. भागी डोंगराकडच्या पाड्यावरची. थंडी पडली की टेम्पोतून यायची, टोपलीत वालाच्या शेंगा आणि वेलाखालून उकरलेले कंद, करांदे नि हत्तीच्या पायाएवढी कोनफळं, घेऊन.

काकूला वाल काही नवे नाहीत. भात कापलं की त्याच ओलीवर ती स्वतः वाल पेरायची. त्या शेतावर आता गोडाऊन आहे. "माज्या शेतान आता वॉशिंग मशिनी उगवल्यान," ती पाहुण्यांना सांगते, आणि पाहुणे हसावं की नाही या विचारात चहा पितात. सार्थकदादा म्हणतो, "आई, ॲपवर मागव ना, दहा मिनिटांत दारात." त्यावर काकू, "आनि भांडू कोनाशी? तुज्या फोनशी?"

भांडायची ती भागीशी. काय भांडायच्या दोघी! भागी टोपलीवरचं फडकं काढता काढता सुरू करायची, "आली बगा शेठानी. गोडावनाचं भाडं खाते नि माज्या शेंगा फुकट चाखते."

"चाखू नको तं काय करू? तुज्या शेंगंत दाना शोधाया बॅटरी लागतं!"

"डोल्याला लाव बॅटरी!"

लोक थांबायचे. कामतघरहून आलेले, पॉवरलूमवर काम करणारे भैये सायकल टेकवून उभे राहायचे. कितीही भांडण झालं तरी काकू न घेता उठायची नाही, भवानीचं ते पथ्यच आहे. शेवटी दोघी एकमेकींच्या सुनांची चौकशी करायच्या, आणि भागी वरून एक करांदा टाकायची.

यंदा भागीचे गुडघे गेले. तिच्या जागी सून आली, दिपिका. विशीची असेल. टोपली ठेवून गप्प बसायची, शेंगांवरनं हात फिरवत. काकूला तिची दया आली. "पोर नवी हाय, तिच्याशी कशाला भांडाया जाव," म्हणाली. दिपिकानं सांगितला तो भाव द्यायचा, हळूच पिशवी भरायची, हळूच निघायचं. काकू आणि हळूच! मला तर ती आजारी वाटली.

आणि माल खपेना. गेले दोन-तीन रविवार दिपिकाची टोपली अर्ध्याहून जास्त भरलेली परत गेली. नव्या टॉवरमधले लोक मातीनं माखलेल्या कोनफळाकडे बघून मुलांना पलीकडून नेत. चंद्रा रडवेला सूर सोडून बोलू लागली, "कमळतायचा हात आटला वाटतं."

परवाच्या रविवारी काकू पिशवी उघडत होती, तेव्हा दिपिका खाली बघून म्हणाली, "काकी, आज पन माल परत गेला तं मी यायची न्हाय. दिनेश बोलतो, उद्या मुकादमाचा टेम्पो येल, भट्टीवर चल. मग पावसापावतर तिकडंच."

दिनेश तिचा नवरा. वीटभट्टीवर जायचं म्हणजे घर बंद, भागी एकटी, आणि वेलाखालची उरलेली कोनफळं उकरायलाही कुणी नाही.

काकू घाईघाईनं म्हणाली, "मग सगलंच दे मना. टोपलीसकट."

दिपिकानं पहिल्यांदा मान वर केली. "सगलं नेऊन काय करशील? सडवशील. सासूनं वरीसभर वेल राखलाय. मना गिऱ्हाईक पायजे, दया नको."

काकूचे कान लाल झाले. तिनं सगळ्यात मोठं कोनफळ उचललं आणि त्या जुन्या, गेटपलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजात ओरडली, "दया? कोन करतं गो दया? ह्याच्यावर माती बघ! अर्धं कोनफल नि अर्धी माती! माती काय आमच्याकडं न्हाय, म्हून तुजी इकत घेऊ?"

"हाय कुठं?" दिपिकाही उभी राहिली. "तुमची तं तुमीच इकलीत! गोडावनाखाली गेली! मातीच न्या घरी, कोनफल वरून देते!"

चंद्राच्या हातातली जुडी हवेतच राहिली. अशा वेळी काकू काय करील याचा मला खरंच अंदाज नव्हता.

काकू हसली. पोटातून, जॅकेट हलेपर्यंत. "भागीची सून शोभतेस! पन आत पांढरं निघालं तं?"

"पांढरं?" दिपिकानं कोयता उचलला आणि खच्चकन कोनफळाचे दोन तुकडे केले. आतून असा गर्द जांभळा रंग निघाला की टॉवरमधल्या एक गुजराती बेन मुलाचा हात सोडून पुढे आल्या. "अरे, ये तो रतालू है! कैसे दिया?" त्यांच्या उंधियूत पडतं ते रतालू म्हणजे आपलं कोनफळच.

"दीदी, वो फली भी देना," सायकल टेकवत एक भैया म्हणाला. दिपिका तोडक्या हिंदीत भाव सांगू लागली, आणि काकू शेजारी उभी राहून प्रत्येक भावाला नाक मुरडू लागली. "महाग हाय! घेऊ नका!" तिनं घेऊ नका म्हटलं की लोक जास्त घेत. दिपिका तिला कोपरानं ढकलत होती, "बाजूला हो गो शेठानी, गिऱ्हाईक दिसत न्हाय!" शेठानी! तोच भागीचा शब्द, तसाच 'नी' ओढून.

उन्हं गेटवर यायच्या आत टोपलीचं बूड दिसलं. करांदेसुद्धा गेले. दिपिकानं टोपली उलटी करून माती झटकली, ती नेमकी काकूच्या पायांवर.

"पुढल्या आयतवारी लवकर ये, काकी," ती म्हणाली. "भवानी तुजीच. आज भांडत बसलीस नि ऱ्हायली."

"दिनेशला काय सांगशील?"

"त्याला बोलते, वेल उकर. भट्टी कुटं पलत न्हाय."

काकू घरी आली. सार्थकदादानं पिशवी उचलून बघितली, आत हात घातला, उलटी केली. काही नाही. भवानीचं कोनफळसुद्धा भांडणाच्या भरात त्या बेनच्या पिशवीत गेलं होतं.

"आई, दोन तास बाजार करून आणलंस काय?"

"भांडन आनलंय," काकू पाय धुता धुता म्हणाली. "आता मागव तुज्या फोनवर बटाटं."