चायना ग्रासची दुसरी वाटी

मैत्रिणींनो, राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आज दुपारी उदगीरला आमच्या महिला मंडळाची बैठक होती. आमच्या गल्लीतल्या, डबे करणाऱ्या सुनीताकडून मी चायना ग्रासचं पुडिंग करवून नेलं होतं. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्वयंपाकाचं काम तिला मिळावं, एवढाच हेतू. कॉन्व्हेंट शाळेत नाताळला आमच्या सिस्टर हे करायच्या. दूध, साखर, गुलाबपाणी. सुनीताच्या हाताला तीच चव आहे.

सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून संपवल्या.

"लई ग्वाड झालंय ओ ताई, कशाचं हाय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"समुद्री शेवाळाचं. पूर्ण शाकाहारी. आइस्क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्येही शेवाळाचा अर्क घालतात," मी हौसेने सांगितलं.

"अगं बाई, नवलच की!" म्हणत त्यांनी दुसरी वाटी भरून घेतली. "केलं कुणी?"

मी सुनीताचं नाव आडनावासकट सांगितलं.

त्यांचा चमचा थांबला. "समुद्रातलं म्हंजे मासळीच की ओ. आमच्यात चालत न्हाई." त्यांनी वाटी खाली ठेवली. मग बाकीच्या एकेक करून चूळ भरायला उठल्या.

सुनीता भांडी न्यायला आली होती. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं. "राहू द्या ताई, पोरी खातेत," एवढंच म्हणाली आणि पातेलं उचलून गेली.

शिकल्यासवरलेल्या, नटूनथटून आलेल्या या बायकांची मला आज किळस आली. शेवाळाचं आहे हे ऐकूनच दुसरी वाटी भरली होती ना? मग ते त्या वाटीत मध्येच कसं बाटलं, सांगा बरं?