पाळण्याएवढी गोधडी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गात एक फॉर्म वाटला गेला. नाव, गाव, शाखा आणि सगळ्यात शेवटी 'छंद'. माझ्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणीच गेलेलं नाही, त्यामुळे कुठलाही फॉर्म भरताना शेजारणीच्या कागदाकडे बघायची मला सवय आहे. तिनं 'चित्रकला, बॅडमिंटन' लिहिलं होतं. मागच्या बाकावरच्या मुलानं 'मोबाइल फोटोग्राफी'. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग फॉर्म गोळा करणारा मुलगा डोक्यावर येऊन उभा राहिला आणि मी घाईत लिहून टाकलं, 'गोधडी शिवणे'.

हे अगदीच खोटं होतं असं नाही. खरंही नव्हतं. कॉलेज तुमसरला आहे आणि आमचं गाव सिहोऱ्याच्या पलीकडे. धान कापून, चुरून-मळून घरी आलं की बायांना दुपारचा थोडा वेळ मिळतो. तेव्हा आमच्या मोठीआईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकूच्या, ओसरीवर गोधडी अंथरली जाते. चार कोपऱ्यांवर चार बाया बसतात. प्रत्येकीचा कोपरा ठरलेला. काठापासून सुरुवात करून, एकेक ओळ घालत, चौघी हळूहळू मधे सरकत येतात. गोधडी पुरी होते तेव्हा त्यांचे गुडघे एकमेकींना टेकलेले असतात. मी लहानपणापासून तिथं बसले आहे, पण सुया ओवायला. त्यांची नजर अधू झालेली, माझी चांगली. दहा-बारा सुया ओवून ठेवायच्या आणि गप्पा ऐकायच्या, एवढंच माझं काम. टाका मी कधी घातला नव्हता. कोपरा मागायची हिंमत झाली नव्हती, आणि 'पोट्टीनं शिकावं, तिचे हात कायले गुतवता' असं म्हणून आईही मला लवकर उठवून न्यायची.

आठवडाभरानं आमच्या मराठीच्या मॅडमनी मला बोलावलं. स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या छंदांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

"गोधडी तू स्वतः शिवतेस?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला 'नाही' म्हणताच आलं नाही. मी मान हलवली.

"मग तुझ्या हातची एक आण. दोन महिने आहेत. आणि लोकांसमोर थोडी शिवूनही दाखव."

तुमसरहून गावाकडे येणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसून एकच विचार करत होते. दोन महिन्यांत ते खोटं खरं करायचं. दुसरा रस्ता म्हणजे मॅडमसमोर उभं राहून कबूल करणं, आणि तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

ओसरीवर जाऊन शिकवा म्हणायचं, तर सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी घरीच सुरुवात केली. आईकडे जुन्या साड्या मागितल्या. कॉलेजात गोधडी न्यायची आहे हे ऐकूनच ती चिडली.

"दुनिया ब्लँकेटं घेऊन राहिली अन् तू आपले फाटके लुगडे सगळ्याईले दाखवशीन? अजिबात नाही."

मलाही ते थोडं पटलंच. आता लिहिताना लाज वाटते, पण पटलं. आईनं आत घालायला दोन विरलेल्या साड्या दिल्या, त्या कुणाला दिसणार नव्हत्या. वरच्या बाजूसाठी मी तुमसरच्या बाजारातून नवं सुती कापड आणलं, निळ्यावर पांढरी फुलं. ते इतकं कडक आणि चकचकीत होतं की मला वाटलं, प्रदर्शनात हेच उठून दिसेल.

सहा आठवडे मी शिवत होते. सकाळी बसच्या आधी, रविवारी दिवसभर. सुई बोटात घुसायची. पहिल्या ओळी वेड्यावाकड्या आल्या, पुढच्या बऱ्या. कुणी आलं की मी ती घडी करून धानाच्या पोत्यांमागे सरकवायचे. शेवटचा टाका घातला तेव्हा मी ती खाटेवर पसरून कितीतरी वेळ बघत बसले. खरंच छान दिसत होती.

आमच्याकडे नवी गोधडी एकदा धुतल्याशिवाय कुणाला देत नाहीत. एवढं मला माहीत होतं. मी ती धुतली, पिळली आणि कुंपणावर वाळत घातली.

दुपारी मोठीआईचा आवाज आला. "हे काय होय वो, बाई? गोधडी होय का मुरमुऱ्याचं पोतं?"

मी धावत बाहेर गेले. वरचं निळं कापड आटलं होतं. खालच्या साड्या वर्षानुवर्षं धुतलेल्या, त्या जशा होत्या तशाच राहिल्या होत्या. त्यामुळे त्या प्रत्येक दोन ओळींच्या मधे फुगून बाहेर आल्या होत्या आणि गोधडीचे काठ तळलेल्या पापडासारखे वर वळले होते. मी हातानं ओढून पाहिलं. जास्त ओढलं तर टाके तटातट तुटायला लागले.

"नवं कापड जुन्यावर लावलं?" मोठीआई म्हणाली. "तुले कोनं सांगतलं असं?"

"कुणीच नाही."

"थे तं दिसूनच राहिलं."

ती हसली आणि मी रडायला लागले. तिला काही कळेना. मग फॉर्म, मॅडम, दोन महिने, सगळं मी तिथंच कुंपणाजवळ सांगून टाकलं. आता फक्त पंधरा दिवस राहिले होते.

मोठीआईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग गोधडी खांद्यावर टाकून सरळ ओसरीकडे चालायला लागली. मी मागे मागे. तिथं शेजारच्या वहिनी आणि गल्लीतल्या दोघी काकू बसल्या होत्या. मोठीआईनं ती त्यांच्यासमोर पसरली.

"पाहा वो, आमच्या कॉलेजवालीनं डोंगर-दऱ्या शिवल्या."

चौघी पोट धरून हसल्या. वहिनी म्हणाल्या, "याच्यावर निजलं तं माणूस पलटी खाऊन खालतं पडन." मला राग यायला हवा होता, पण दीड महिन्यात पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं. लपवायला काही उरलंच नव्हतं.

"चौघी बसलो तं चार दिवसात नवी करून देतो तुले," एक काकू म्हणाल्या. "कायले टेन्शन घेतं?"

तो क्षण मला नीट आठवतो. खरं सांगायचं तर माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. चार दिवसांत सुंदर, सपाट गोधडी मिळाली असती. पण मग प्रदर्शनात ती 'माझी' म्हणून मांडायची, आणि आधी एक खोटं होतं तिथं दोन झाली असती.

"नाही," मी म्हणाले. "मला शिकवा. टाके मीच घालीन."

मोठीआई म्हणाली, "मंग मोठी कायले पाहिजे? लेकराची कर. पाळण्यात मावन एवढी. अन् हे पहिले उसव."

"पूर्ण?"

"नाही तं काय, अर्धी?"

उसवायलाच अडीच दिवस गेले. सहा आठवड्यांचे टाके ब्लेडनं कापताना हाताला चांगलंच जड गेलं. पण उसवताना माझे टाके मला पहिल्यांदा नीट दिसले. कुठं मी घाई केली होती, कुठं दोरा आवळला होता, सगळं कापडावर लिहिल्यासारखं होतं.

आता वरच्या बाजूलाही जुनंच कापड हवं होतं. मी आईकडे गेले. संध्याकाळी तिनं ट्रंक उघडली आणि हिरवी सुती साडी माझ्या मांडीवर टाकली. ती साडी तिनं कितीतरी वर्षं रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, नेसली होती. शेताच्या बांधीतल्या चिखलात वाकून वाकून तिच्या खालच्या काठाला जो मातकट रंग चढला होता, तो कशानंच निघत नव्हता.

"थो काठ कापून टाकजो," ती म्हणाली.

"नाही कापणार."

"काहून?"

"चांगला दिसतो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ताप आला आहे. पण साडी परत घेतली नाही.

मग रोज कॉलेजहून आले की ओसरी. जमीन सारवलेली. त्यावर खालची साडी, मग आतले दोन थर, मग हिरवी. चारही कोपऱ्यांवर मोठीआईनं वजन म्हणून वरवंटा, खलबत्ता, अडकित्ता आणि स्वतःचा पाय ठेवला. आधी लांब लांब कच्चे टाके. मग काठापासून ओळ. बायांनी ठरवल्याप्रमाणे माझ्या गोधडीला कुणी सुई लावली नाही. त्या आपली वेगळी मोठी गोधडी घेऊन बाजूला बसायच्या आणि तोंडानं मात्र माझ्या गोधडीतच असायच्या.

"हात फिरव, हात! मधातून काठाकडं. हवा काढ त्याच्यातली."

"दोरा कायले आवळतं? गळा नाही दाबायचा त्याचा."

"आता पाहा, कशी सरकून राहिली. इंग्लिशमधून शिवून राहिली होती पहिले."

चौथ्या-पाचव्या दिवशी हाताला काहीतरी कळलं. ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. सुई कापडात किती बुडवायची ते मोजावं लागेना. तळहात आपोआप पुढे फिरायचा, कापड सपाट करायचा आणि टाका त्याच्या मागे यायचा. ओळीवर ओळ, बोटभर अंतरानं. हसणं-चिडवणं चालूच होतं, पण एका दुपारी मोठीआईनं गोधडी उलटी करून मागची बाजू बघितली आणि आपल्या सुया माझ्याऐवजी वहिनींना ओवायला दिल्या. "तिले काम हाये," एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदानं.

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी गोधडी पुरी झाली. धुतली. कुंपणाजवळ मी, आई, मोठीआई, वहिनी आणि दोघी काकू तिच्या वाळण्याची वाट बघत उभ्या राहिलो. सुकली तशी ती सगळीकडून सारखीच थोडी आवळली, अंगभर बारीक सुरकुत्या पडल्या. काठ सरळ. जमिनीवर टाकली तर पाण्यासारखी पसरली.

"झालं वो, झालं!" वहिनी ओरडल्या, आणि मी भर अंगणात उडी मारली.

प्रदर्शनाला आई आणि मोठीआई आल्या. आई याआधी कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी आली नव्हती. ती हॉलच्या भिंतीला टेकून, पदर घट्ट धरून उभी राहिली. माझ्या टेबलावर हिरवी गोधडी, तिचा मातकट काठ पुढे. बाजूला दुसरा तुकडा अंथरलेला, शिवून दाखवायला.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी गोधडी उचलली, उलटी केली, ओळींवरून बोट फिरवलं. "फार सुबक आहे. पण खरं सांग, ही आईनं शिवली ना? तुमच्या पिढीला एवढा धीर कुठला!"

मी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला.

"नाही जी. म्या एक टाका नाही घातला." ती भिंत सोडून पुढे आली होती. "साडी माही हाये. थो काठ चिखलाचा हाये, रोवण्याचा. टाके पोरीचे हायेत. एक उसवली तिनं पूर्ण, मंग हे केली."

परीक्षक बाई माझ्याकडे वळल्या. मी टेबलाजवळ थांबले नाही. खाली फरशीवर मांडी घालून बसले, तुकडा ओढला, तळहात फिरवला आणि शिवायला लागले. एक ओळ. दुसरी. माझ्याभोवती पाय जमत गेले, मग ते पाय खाली बसले. मान वर केली तेव्हा मॅडमही समोर बसलेल्या होत्या.

"मॅडम," मी म्हणाले, "फॉर्म भरला तेव्हा मला हे येत नव्हतं."

त्यांनी माझ्या हातातला तुकडा जवळ ओढला. "आणि आता?"

"आता येतं."

हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की पलीकडच्या टेबलावरचा फोटोग्राफीवाला मुलगाही वळला. संध्याकाळी पहिल्या बक्षिसासाठी माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मोठीआईनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. तिला शिट्टी येते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बक्षीस घेऊन मी परत आले तर माझ्या जागेवर आई बसली होती. फरशीवर, पदर कमरेला खोचून. शहरातल्या सात-आठ मुली तिच्याभोवती वाकल्या होत्या आणि ती एकीचा हात धरून तो कापडावरून फिरवत होती.

"मधातून काठाकडं, बाई. घाई करू नको. हवा निघू दे."

सिहोऱ्याची बस सुटायची वेळ झाली होती. मी आईला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. तिच्या शेजारी बसले, सुई ओवली आणि पुढच्या मुलीच्या हातात दिली.